केसाची गाठ

रोज सकाळी साडेपाचला उठून कृष्णवेणी पहिलं काम करायची ते पंखा बंद करण्याचं. चेन्नईच्या वेलचेरीतल्या त्या इमारतीत, ऐन मे महिन्यात, उजाडायच्या आत पंखा बंद करणारी बाई ती एकटीच असेल. तिचा नवरा सुंदर झोपेतच कूस बदलून पुटपुटायचा, "झाली सुरू पूजा." ती खोलीतली हवा स्थिर होईपर्यंत थांबायची. मग फणीतून एक केस ओढून काढायची, पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटावर तो आडवा ठेवायची आणि दोन बारीक चिमट्यांनी त्याला गाठ मारायची. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. तिसरी गाठ पहिलीला अगदी टेकून बसली की केस खिडकीतून सोडून द्यायची, पंखा लावायची आणि कॉफीच्या डिकॉक्शनकडे वळायची.

चोवीस वर्षं हे चाललं. पुढं पुढं फणीत पांढरे केस जास्त येऊ लागले तेव्हा ताटाची जागा तव्याच्या काळ्या पाठीनं घेतली, एवढाच काय तो फरक.

ती एका डोळ्यांच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवतात. बहुतेकांच्या डोळ्यात ती जन्मभर मुकाट बसून राहते. पण एखाद्याची दहा-वीस वर्षांनी सुटते. कुठं धक्का लागतो, कुठं डोळ्यातले तिला धरून ठेवणारे तंतूच म्हातारे होतात, आणि लेन्स कलंडून खाली घसरते. माणसाला मग खिडकीच्या अर्ध्या भागातलं जग स्वच्छ आणि अर्ध्यातलं वितळलेलं दिसतं, किंवा काहीच धड दिसत नाही. अशा घसरलेल्या लेन्सा पुन्हा जागेवर आणणं हे डॉक्टर रघुराम यांचं काम, आणि त्यासाठी लागणारा धागा सांभाळणं हे कृष्णवेणीचं.

धागा केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. निळा असतो म्हणतात, पण नुसत्या डोळ्यांना तो निळेपणा दिसत नाही. दिवा तिरका पडला तर क्षणभर चमकतो, कोळ्याच्या तंतूसारखा, आणि नाहीसा होतो. त्याची लांब सुई डोळ्याच्या एका बाजूनं आत जायची. समोरच्या बाजूनं इंजेक्शनची पोकळ सुई आत यायची, आणि डोळ्याच्या मधोमध पहिली सुई दुसरीच्या पोटात शिरून तिच्यासोबत बाहेर पडायची. अशी दोनदा ये-जा झाली की लेन्सच्या दोन बाजूंच्या तारेसारख्या बारीक पायांपैकी एकाभोवती फास पडायचा. मग बाहेर, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, गाठ. या साऱ्या वेळात धाग्याचं दुसरं टोक ताणही न देता आणि सैलही न सोडता धरून ठेवायचं असे. ते कृष्णवेणी धरायची. गाठ डॉक्टर मारायचे, पण ती स्वतः मारता येणाऱ्या हातालाच टोक असं धरता येतं. डॉक्टरांच्या डाव्या हाताला तिचं स्टूल होतं, आणि मायक्रोस्कोपची दुसरी दुर्बीण तिच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेली असायची. डॉक्टर नजर न हलवता तळहात उघडायचे. त्यावर काय ठेवायचं ते त्यांना सांगावं लागत नसे. चोवीस वर्षांत थिएटरमध्ये त्यांनी तिचं नाव फारसं घेतलंच नाही. नाव घ्यायची गरज पडू न देणं हाच तिचा मान होता.

सुंदर जॉर्ज टाउनमध्ये एका किराणा व्यापाऱ्याकडे कारकून होता, आता निवृत्त. तो म्हणायचा, "माझं शर्टाचं बटण लावायला सांगितलं की घरातली सुई हरवते. तिथं मात्र न दिसणाऱ्या धाग्यानं डोळे शिवतेस." त्याचं बोलणं तिच्यासारखंच, तंजावरी मराठी, शेवटी तमिळसारखा हेल आणि 'येतें, जातें' असली आजीच्या काळातली रूपं. ती त्यावर फक्त एवढंच म्हणायची की बटण दिसतें, ते कुणीही लावेल.

शर्मिष्ठा तीन वर्षांपूर्वी आली. सव्वीस वर्षांची, शहराबाहेरच्या आवडी या उपनगरात राहणारी. वडील तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात, मूळचे साताऱ्याकडचे. पहिल्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत कृष्णवेणी फोनवर सुंदरला रसम गरम करायला सांगत होती, ते ऐकून ही मुलगी गर्रकन वळली. तुम्ही मराठी बोलता, असं तिनं विचारलं, आणि विचारताना इतकी हसली की कृष्णवेणीलाही हसू आलं. त्या दिवसापासून ती तिला अक्का म्हणू लागली. दुपारी दोघींचे डबे एका टेबलावर उघडायचे. शर्मिष्ठाच्या डब्यातला ठेचा कृष्णवेणीला झेपायचा नाही, तरी ती बोट लावून चाखायची. इस्पितळात सगळीकडे तमिळ. त्या टेबलाच्या चार फुटांत मात्र मराठी, तीही दोन तऱ्हांची. कृष्णवेणीला वाटलं होतं, मुलगी झाली असती तर अशी असती.

असं वाटणं सहा महिने टिकलं.

डॉक्टर रघुराम एका प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना नवी रीत घेऊन आले. तिच्यात धागाच नव्हता. लेन्सचा पाय पोकळ सुईत घालून थेट डोळ्याच्या भिंतीतून बाहेर काढायचा, तापलेली तार त्याच्या टोकाजवळ नेली की टोक वितळून मोहरीहून लहान असा गोंडा होतो, आणि तो गोंडा भिंतीतच रुतवून ठेवायचा. गाठ नाही, फास नाही, वीस मिनिटांचं काम. यात कसब एकच, पोकळ सुई नेमक्या कोनात वाकवून देणं. डॉक्टरांनी दोघींनाही करायला दिलं. कृष्णवेणीची सुई थोडी जास्त वाकली. शर्मिष्ठाची पहिल्याच फटक्यात बसली. डॉक्टर म्हणाले की या मुलीचा हात चांगला आहे. त्यात कृष्णवेणीच्या हाताबद्दल वाईट काहीच नव्हतं. पण इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या हाताबद्दल चांगलंही कधी म्हटलं नव्हतं, हे तिला तेव्हा आठवलं आणि मग रोज आठवत राहिलं.

स्टूल लगेच गेलं नाही. आधी आठवड्यातून एकदा गेलं, मग दोनदा. नवी रीत असली की डाव्या हाताला शर्मिष्ठा. धाग्याची असली की कृष्णवेणी. हळूहळू धाग्याच्या केसेस इतक्या कमी झाल्या की स्टूलची उंचीच शर्मिष्ठाच्या मापाला राहू लागली. कृष्णवेणी बसली की तिचे पाय जमिनीला पुरेनासे व्हायचे, आणि ती स्क्रू फिरवून ते खाली करायची, जणू दुसऱ्याच्या घरातली खुर्ची.

आणि डॉक्टर तिचं नाव घ्यायचे. "शर्मिष्ठा, सुई." "शर्मिष्ठा, तार." तमिळ जिभेला ते नाव जड जायचं, मधेच अडखळायचं, तरी ते दिवसातून वीसदा घ्यायचे. नाव न घेतलं जाणं हा मान समजणाऱ्या कृष्णवेणीला आता त्या अडखळणाऱ्या नावाचा हेवा वाटू लागला. आपण कधी चुकलोच नाही म्हणून आपलं नाव त्यांच्या तोंडी बसलं नाही, असं काहीतरी ती मनाशी जुळवायची. मग तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाजेनं हेवा कमी होत नाही हेही कळायचं.

एकदा डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांपुढं जुन्या रीतीचे दोष सांगितले. हा धागा डोळ्यात कायमचा टिकत नाही, म्हणाले. दहा-पंधरा वर्षांत विरतो, तुटतो आणि लेन्स पुन्हा पडते. पडद्यावर त्यांनी परत आलेल्या एका डोळ्याचा फोटो दाखवला. तुटलेल्या धाग्याचं टोक आणि शेजारी अजून शाबूत असलेली गाठ. ती गाठ पडली तेव्हा धाग्याचं टोक कुणी धरलं होतं ते कृष्णवेणीला वर्षासकट आठवलं. दोन हजार नऊ. मागच्या रांगेत तिच्या शेजारी बसलेली शर्मिष्ठा हळूच म्हणाली, "गाठ बघा ना अक्का, काय सुंदर बसलीये." कृष्णवेणीला ते कौतुक ऐकवलं नाही. मेलेल्या माणसाच्या नाकाची कुणी तारीफ करावी तसं ते तिला लागलं.

त्याच सुमारास शर्मिष्ठानं गाठ शिकवायला सांगितलं. डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं की प्रत्येकीला जुनी रीत यायला हवी. नाही म्हणायला कारण नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत, डबे बाजूला सारून, कृष्णवेणीनं तिला केस आणि चिमटे दिले. चिमटा कसा धरायचा, मनगट कुठं टेकवायचं, केस कुठून उचलायचा, सगळं नीट सांगितलं. डोक्यावर पंखा गरगरत होता. चेन्नईत माणसं बसतात त्या खोलीतला पंखा कुणी बंद करत नाही. करायचा असतो हे कुणाच्या मनातही येत नाही. तो असतोच, भिंतीसारखा. कृष्णवेणी गाठ मारून दाखवायची ती वाऱ्याकडे पाठ करून, खांदे पुढं घेऊन, अंगाचा आडोसा करून. मग चिमटे शर्मिष्ठाकडे द्यायची. शर्मिष्ठा ताठ बसायची, शाळेत शिकवतात तशी, आणि केस फडफडायचा, चिमट्यातून निसटायचा, टेबलाखाली जायचा.

आठ-दहा दिवस असं झालं. मग एकदा शर्मिष्ठानं स्वतःचे दोन्ही हात टेबलावर पसरून त्यांच्याकडे पाहिलं.

"अक्का, माझा हात थरथरतो का?"

कृष्णवेणीनं डब्याचं झाकण लावलं. "थोडा," ती म्हणाली.

त्या एका शब्दावर ती आठवडाभर चांगली जेवली, आणि त्यानंतर तो शब्द तिला जेवू देईना. तरीही तिनं तो मागं घेतला नाही.

तिच्या निवृत्तीला पाच महिने राहिले असताना राघोत्तम राव आले. अडुसष्ट वर्षांचे, जॉर्ज टाउनमधल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात प्रुफं तपासणारे. डावा डोळा लहानपणीच भोवऱ्याची आर लागून गेलेला. उजव्या डोळ्यावर सारा संसार, आणि त्या डोळ्यातली लेन्स बसमधून उतरताना डोकं दांड्यावर आपटून सुटली होती. तपासणीच्या खोलीत ते तिच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले, "तंजावरच्या का तुम्ही? या डोळ्याचं पहिलं ऑपरेशन इथंच झालेलं. एक तंजावरच्या बाई होत्या, पट्टी बांधताना बोलत होत्या." कृष्णवेणीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. दोन हजार दोन साल, तिचं इथलं पहिलंच वर्ष. ते केस काळे असलेले राघोत्तम राव तिला अंधूक आठवले. मीच ती, असं ती म्हणाली. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

दुपारी दुसऱ्या दिवसाची यादी ठरवायला सगळे जमले. राघोत्तम रावांची लेन्स डोळ्याच्या तळाशी पडली होती आणि तिच्याभोवतीची मूळ भिंगाची जुनी पिशवी चुन्यासारखी पांढरी झाल्यामुळं तिचे पाय दिसत नव्हते. लेन्स कुठल्या जातीची आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. शर्मिष्ठानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. दोन हजार दहाच्या आधीच्या नोंदीच नव्हत्या, आणि जुन्या फायली केव्हाच लगद्याला गेल्या होत्या. पेशंटचं कार्ड हरवलं होतं. मग तीन तुकड्यांचीच असेल, मधलं भिंग आणि दोन लवचीक पाय वेगळे असलेली, डॉक्टर म्हणाले, त्या काळात आपण तीच जास्त वापरायचो. नवी रीत करू. शर्मिष्ठा, तयारी तुझी. कृष्णवेणी अम्मांनी पेशंटचा हात धरावा, त्यांची भाषा एक आहे.

हात धरणं म्हणजे तिथं खरोखरच हात धरणं. डोळ्याशेजारी सुई देऊन डोळा बधिर करतात, माणूस जागाच असतो. हिरव्या कापडाखाली त्याचा हात एका नर्सनं धरायचा. दुखलं तर त्यानं एकदा दाबायचं, खोकला येत असेल तर दोनदा. हे काम नव्या मुलींना देतात.

डॉक्टरांनी लेन्सची जात विचारताना कॉम्प्युटरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं तिथल्या तिथं वहीची गोष्ट सांगितली असती, असं ती पुढं स्वतःला सांगत राहिली.

वही अशी. प्रत्येक लेन्सच्या डबीत तिची जात आणि नंबर छापलेली चार-पाच बारीक स्टिकरं येतात. एक फायलीत, एक पेशंटच्या कार्डावर, उरलेली कचऱ्यात. कृष्णवेणीनं पहिल्या वर्षापासून उरलेल्यांतलं एक आपल्या वहीत चिकटवलं, शेजारी तारीख आणि नाव. कुणी सांगितलं नव्हतं. अशा सात वह्या घरच्या लोखंडी कपाटात होत्या. शर्मिष्ठा नवीन असताना तिनं कौतुकानं एक दाखवायला नेली होती, आणि शर्मिष्ठा चांगल्या मनानं म्हणाली होती की आता हे सगळं कॉम्प्युटरवर असतं, अक्का, तुम्हांला एवढा त्रास नको. ती वही पुन्हा इस्पितळात गेली नाही.

त्या संध्याकाळी तिनं पहिली वही काढली. राघोत्तम, ऑगस्ट दोन हजार दोन. शेजारी पिवळं पडलेलं स्टिकर. एकसंध, कडक जातीची लेन्स. पाय त्याच कडक प्लास्टिकचे. असा पाय सुईत घालून ओढला, भिंतीतून वळवला, की काडीसारखा मोडतो. मोडला तर ही लेन्स जागेवर बसणार नाही. डोळा मोठा कापून ती बाहेर काढावी लागेल, नवी घालावी लागेल, आणि या माणसाला दुसरा डोळा नाही.

तिनं फोन हातात घेतला. सुंदर भाजी निवडत होता. इतक्या उशिरापर्यंत वही काय बघतेस, त्यानं विचारलं. उशीर झालाच नव्हता, सातही वाजले नव्हते. तिनं फोन खाली ठेवला. तिच्या डोळ्यांपुढं उद्याचं थिएटर उभं राहिलं. पाय कडकन मोडतो. शर्मिष्ठाचा वाकवलेल्या सुईचा हात तसाच अधांतरी. आणि डॉक्टर, कितीतरी महिन्यांनी पुन्हा, न बोलता डावीकडे तळहात उघडतात. एक पाय मोडला म्हणून लगेच डोळा जात नाही, असं ती मनात म्हणाली. चोवीस वर्षं थिएटरमध्ये काढलेल्या बाईला ते किती खोटं आहे हे माहीत होतं. तिनं वही मिटली, पण कपाटात ठेवली नाही, पिशवीत घातली.

सकाळी तिनं केसाला गाठ मारली. तिसरी गाठ पहिलीवर बसली नाही. ती तशीच सोडून ती निघाली.

थिएटरमध्ये ती कापडाखाली हात घालून बसली. राघोत्तम रावांची बोटं सुकी होती आणि अंगठ्याशी पेनानं पडलेला घट्टा होता. तिथून तिला डोळा दिसत नव्हता. दिसत होती शर्मिष्ठाची पाठ, तिच्या टोपीतून निसटलेली मानेवरची बट, आणि ते स्टूल. डॉक्टरांनी डोळ्यातलं पाणी साफ करून लेन्स तळातून उचलून मध्यावर आणली. पहिला पाय कुठं लपलाय ते चाचपायला लागले. शर्मिष्ठा, सुई, ते म्हणाले. शर्मिष्ठानं वाकवलेली सुई तळहातावर ठेवली, अलगद, जशी कृष्णवेणी ठेवायची तशीच. ते ती तिच्याचकडे बघून शिकली होती. कृष्णवेणीला त्या क्षणी सर्वांत जास्त राग आला तो याचा.

कापडाखाली राघोत्तम राव हळूच बोलले. "बाई, तुम्हीच आहात ना?"

त्यांनी हात दाबला नव्हता. दुखत नव्हतं, खोकलाही नव्हता. त्यांना फक्त खात्री हवी होती.

"डॉक्टर, थांबा," कृष्णवेणी तमिळमध्ये म्हणाली. "तो पाय ओढू नका. कडक लेन्स आहे. मोडेल."

लेन्स मध्यावर असताना थिएटरमध्ये कुणी बोलत नाही. डॉक्टरांचा हात जागीच थांबला. कशावरून, असं त्यांनी डोळा न उचलता विचारलं. माझ्या वहीत स्टिकर आहे, ती म्हणाली. वही बाहेर पिशवीत आहे. एक वॉर्डबाय धावत जाऊन ती घेऊन आला आणि त्यानं काचेच्या दारातून पान धरलं. डॉक्टरांनी मान वळवून ते वाचलं. मग त्यांनी विचारलं, तेवढंच.

"केव्हापासून माहीत होतं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. आत्ता आठवलं, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मानलं असतं. "काल संध्याकाळपासून," ती म्हणाली.

शर्मिष्ठाची पाठ हलली नाही.

डॉक्टर म्हणाले, धागा. कृष्णवेणी अम्मा, हात धुऊन या. शर्मिष्ठा, तू पेशंटचा हात धर. शर्मिष्ठानं हातमोजे काढले, स्टूलवरून उतरली आणि कापडाखाली हात घातला. "काका, मी आहे इथं," ती मराठीत म्हणाली. कृष्णवेणी हात धुऊन, गाऊन चढवून परत आली तेव्हा ते दोघं कुजबुजत होते, तिच्या साताऱ्याकडच्या पुसेगावच्या कुठल्याशा जत्रेबद्दल. जे काम काल तिला अपमान वाटलं होतं, त्याचाही आता तिला हेवा वाटला.

स्टूल उंच होतं. ते खाली करायला वेळ नव्हता. ती पाय अधांतरी ठेवून बसली आणि धागा धरला. सुई आत गेली, समोरच्या पोकळ सुईत शिरली, बाहेर आली; पुन्हा गेली, पुन्हा आली. पिशवीसकट कडक पायाभोवती फास पडला. मग दुसऱ्या बाजूला तेच. लेन्स डोळ्यातच राहिली, फक्त बांधली गेली. पन्नास मिनिटं लागली. डॉक्टरांनी तळहात उघडला की त्यावर हवं ते येत होतं, आणि त्यांनी तिचं नाव एकदाही घेतलं नाही. तिनं ज्याची अडीच वर्षं वाट पाहिली होती ते सगळं तिला मिळालं, आणि ते धरताना तिचे हात थंड होते.

कपडे बदलायच्या खोलीत शर्मिष्ठा तिच्याकडे पाठ करून वेणी घालत होती. वेणी संपत आल्यावर म्हणाली, "काल मला सांगायचं होतंत अक्का. मी तुमचं नाव घेऊनच सांगितलं असतं त्यांना." आवाजात राग नव्हता.

पट्टी निघाली त्या दिवशी राघोत्तम रावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचली, मग खालची राहू काळाची बारीक वेळही वाचली. सगळे हसले. त्यांनी हात जोडले ते शर्मिष्ठाला. या मुलीनं हात धरला म्हणून मी घाबरलो नाही, म्हणाले. गाठीचा धागा कुणी धरला ते त्यांना कळायचं कारण नव्हतं; ती गाठ त्यांच्या पापणीखाली होती, आणि दिसत नव्हती.

डॉक्टर त्या गोष्टीवर पुन्हा बोलले नाहीत. ते न बोलणं तिला नीट ओळखता येत होतं; पूर्वीच्या न बोलण्यासारखं ते नव्हतं. त्यांनी फक्त सांगितलं की सातही वह्या आणा, सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं आहे, असे जुने डोळे अजून कितीतरी येतील. उरलेले चार महिने दुपारी दोघी त्याच टेबलावर बसत. कृष्णवेणी वाचायची, नंबर, तारीख, नाव. शर्मिष्ठा टाइप करायची. तिची बोटं झरझर चालायची, आणि कृष्णवेणीला त्या बोटांचाही हेवा वाटायचा. काम संपलं की शर्मिष्ठा केस आणि चिमटे काढायची. कडक लेन्सांसाठी धागा लागणारच, तुम्ही गेल्यावर कोण धरणार, असं म्हणायची. केस फडफडायचा, निसटायचा. माझा हातच असा, ती म्हणायची आणि दुसरा केस उपटायची. कृष्णवेणी समोर बसून पाहायची. रोज तिच्या ओठाशी एक वाक्य यायचं आणि रोज ती ते गिळायची. सगळं दिलं, वह्यासुद्धा दिल्या. एवढं एक राहू दे माझं, असं तिला वाटायचं.

निवृत्तीच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, डॉक्टरांनी भाषणात तिचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, कागदावर बघून. तिनं सगळ्यांना नमस्कार केला. सुंदर खाली शेअर ऑटो थांबवून उभा होता. पिशवी घ्यायला ती जेवणाच्या खोलीत आली, तर शर्मिष्ठा एकटीच टेबलाशी बसलेली. समोर पालथं ताट, चिमटे, आणि एक लांब काळा केस. डोळे लाल होते. रडून की बघून बघून, ते कळत नव्हतं. आज एक तरी गाठ मारून दाखवणार होते तुम्हांला, ती म्हणाली. केस उचलला. तो उडाला.

कृष्णवेणी दारापर्यंत गेली. चप्पल पायात सरकवली. मागं वळून पाहिलं. शर्मिष्ठा टेबलाखाली वाकून केस शोधत होती.

"ऐक गे," कृष्णवेणी म्हणाली. "आधी तो फॅन बंद कर."